शोकाच्या घरात वाचायला मराठी बायबल : कोणतं घ्यावं, कुठून उघडावं, काय टाळावं

घरात माणूस गेलं की तीन-चार दिवसांत कुणीतरी बायबल शोधायला लागतं. बहुतेक ख्रिस्ती घरांत ते असतंच, पण कपाटावर, झिपच्या कव्हरात, लग्नात भेट आलेलं. त्याची अक्षरं इतकी बारीक असतात की आजीला दिसत नाहीत आणि भाषा इतकी जुनी की नातवाला कळत नाही. मग कुणी नवं आणायला निघतो, कुणी मोबाईलवर ॲप उतरवतो. म्हणून हे परीक्षण एकाच कामापुरतं केलं आहे : मरण आणि जीवन यांच्या गोष्टी सोलापुरातल्या एखाद्या घरी, पाच-पन्नास माणसांसमोर किंवा रात्री एकट्याने वाचायच्या असतील, तर आज मिळणाऱ्या मराठी बायबलांपैकी कोणतं चालतं आणि कुठे अडतं. बाकी गुणदोष इथे मोजलेले नाहीत.

आमचा कौल आधीच देतो. मोठ्याने वाचायला बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं प्रचलित ‘पवित्र शास्त्र’, मोठ्या टायपातलं. एकट्याने समजून घ्यायला मोबाईलवरची इंडियन रिवाइज्ड व्हर्जन, म्हणजे आयआरव्ही मराठी. एकच घ्यायचं असेल तर पहिलं.

प्रचलित भाषांतराची मराठी आज कुणी बोलत नाही, पण ती कानाला चांगली लागते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे स्तोत्र २३ चं वाक्य मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तोंडपाठ असतं. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापुरात मराठी उपासना चालत आली आहे. त्या परंपरेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसून सुरुवातीचे चार शब्द म्हटले की पुढचं वाक्य तो स्वतः पुरं करतो. नव्या भाषांतरात हे जमत नाही. शब्द सोपे असतात, पण ते त्याचे नसतात. शेवटच्या दुखण्यात किंवा मयतीच्या घरी हा फरक फार मोठा ठरतो.

तोटाही सांगायला हवा. ‘ह्यास्तव’, ‘तेव्हा असे झाले की’, ‘विव्हळ’ असे शब्द विशीतल्या मुलाला अडतात. वाचणाऱ्याने उतारा आधी एकदा मनात वाचून ठेवला नाही, तर नेमक्या जागी जीभ अडखळते. याईर, अरिमथाई, थेस्सलनीकाकरांस ही नावं आदल्या रात्री दोनदा मोठ्याने म्हणून ठेवावीत. सांत्वन सभेत नाव चुकलं तर कुणी हसत नाही, पण वाचणारा स्वतःच गडबडतो आणि पुढची ओळ चुकते.

आयआरव्ही मुक्त परवान्याने दिलेली आहे. ती फुकट मिळते आणि तिचा उतारा कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मूळ श्रेय देऊन छापायलाही अडचण येत नाही. भाषा सरळ, वाक्यं आटोपशीर. मात्र ऐकताना तिला लय कमी आहे. पद्यभागात, म्हणजे स्तोत्रसंहिता, ईयोब आणि यशयात, हे जास्त जाणवतं. गोष्टींच्या भागात तितकं नाही.

तिसरं नाव पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल एकट्या बाईने मराठीत आणलं आणि ते १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालं. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर लागतं तेच हे केडगाव. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी संस्कृत वळणाचे जड शब्द टाळले. काम चालू असतानाच १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या आणि पुस्तक त्यांच्यामागे आलं. रोजच्या वापराला हे भाषांतर सुचवत नाही, कारण प्रत सहज मिळत नाही. पण कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर लाजराची गोष्ट तीतून एकदा जरूर वाचावी.

दुकानात काय तपासायचं

भाषांतर कोणतं हे मुखपृष्ठावरून कळेलच असं नाही, कारण सगळ्यांवर ‘पवित्र शास्त्र’ किंवा ‘पवित्र बायबल’ एवढंच मोठ्या अक्षरांत असतं. आतलं दुसरं पान बघा. तेही न कळल्यास योहान ११:३३ उघडा. लाजर मेला आहे, त्याची बहीण मरीया रडते आहे, बरोबरचे लोक रडताहेत आणि ते बघून येशूच्या मनात काय झालं ते या वचनात सांगितलं आहे. मूळ ग्रीक क्रियापदात नुसतं दुःख नाही, रागही आहे. घोडा फुरफुरतो तसा आवाज त्या शब्दामागे आहे. भाषांतरकार तिथे ‘खवळला’ लावतो की ‘व्याकूळ झाला’, यावरून पुस्तकाची जात कळते. पहिलं कानाला खडबडीत लागेल, पण मूळच्या जवळ आहे. तरुण मूल गेलेल्या घरात लोकांना राग आलेला असतो आणि तो बोलून दाखवायची सोय नसते. तिथे ‘खवळला’ हा शब्द चार प्रवचनांचं काम करतो. दोन वचनांनंतर ११:३५ आहे : ‘येशू रडला.’ दोनच शब्द. आधीचा राग पुसला गेला असेल तर हे रडणं नुसतं हळवं वाटतं.

दुसरी खूण स्तोत्र २३:४. ‘मृत्युच्छायेच्या दरीतून’ की ‘काळोख्या दरीतून’? हिब्रू शब्दाचा अर्थ दोन्हीकडे जातो, त्यामुळे चूक कुणाचीच नाही. पण दफनविधीला वाचायचं असेल तर मृत्यूचं नाव घेणारी ओळ हवी.

आता पुस्तक म्हणून. मराठी बायबल ६६ पुस्तकांचं : जुन्या करारात ३९, नव्यात २७. एवढा मजकूर एका खंडात बसवायचा म्हणून कागद पातळ घ्यावा लागतो आणि मागचं अक्षर पुढे दिसतं. पान उजेडाकडे धरून बघा. मागच्या ओळी पुढच्या ओळींच्या मध्ये दिसत असतील तर वाचताना डोळे दुखतात. त्या एकमेकींच्या बरोबर मागे असतील तर त्रास बराच कमी. मग पुस्तक मधोमध, साधारण स्तोत्रसंहितेपाशी उघडून टेबलावर ठेवा. शिवलेली बांधणी असेल तर पानं सपाट पडतात. नुसत्या डिंकावरची असेल तर पुस्तक आपोआप मिटायला बघतं आणि दोन उन्हाळ्यांत पाठ तडकते. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या घरात कपाटावर ठेवलेल्या पुस्तकाचा डिंक कोरडा पडून चुरा होतो, रेक्झिनचं कव्हर हाताला चिकटतं. सोनेरी कडांच्या नव्या प्रतीत पानं एकमेकांना चिकटलेली असतात. ती सभेत सोडवत बसण्यापेक्षा घरी आणल्यावर एकदा सगळं पुस्तक दहा-दहा पानांनी चाळून मोकळं करून घ्यावं.

एक तपासणी बरेच जण विसरतात. बांधणीत कधी एखादा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, गळतो किंवा दोनदा लागतो. आपल्या कामाच्या तीन जागा उघडून सलग आहेत का बघा : २ राजे ४ ते ५, योहान १० ते १२, आणि १ करिंथकर १५ ते १६. पान क्रमांक तुटला असेल तर प्रत तिथेच बदलून घ्या.

झिपचं कव्हर प्रवासाला बरं. पण सभेत, शांततेत झिपचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. बसल्या बसल्या आधीच उघडून ठेवा.

खुणेची फीत बहुतेक प्रतींत एकच असते. आपल्याला निदान तीन लागतात. साडीच्या किंवा टॉवेलच्या काठाच्या पातळ पट्ट्या कापून पाठीच्या पोकळीत सरकवल्या तरी चालतं. पुठ्ठ्याचे जाड तुकडे घालू नयेत, शिवण ताणली जाते.

कॅथलिक घरासाठी घेत असाल तर थांबा. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं असतात, आणि ज्ञानग्रंथातला ‘नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत’ हा त्यांच्याकडे अंत्यविधीला वाचला जाणारा भाग ६६ पुस्तकांच्या प्रतीत सापडणारच नाही. भेट द्यायची असेल तर आधी विचारून घ्या.

सोलापूरला आणखी एक गोष्ट लागू आहे, जी पुण्या-नाशिककडच्या माणसाला सुचणार नाही. इथे एकाच खोलीत आजी तेलुगू, सून कन्नड आणि मुलं मराठी असतात. तेलुगू प्रतीवर ‘परिशुद्ध ग्रंथमु’ असं असतं, कन्नडवर ‘सत्यवेदवु’. या तिन्हींत अध्याय आणि वचनांचे आकडे जुळतात. म्हणून वाचणाऱ्याने सुरुवातीला ‘योहान, अकरावा अध्याय, सतरापासून’ असं सावकाश दोनदा म्हणावं आणि सगळ्यांची पानं सापडेपर्यंत अर्धा मिनिट थांबावं. ‘आता आपण लाजराची गोष्ट वाचू या’ एवढंच म्हटलं तर निम्मी खोली शोधतच बसते.

कोणती गोष्ट, कधी

मेलेला माणूस उठल्याच्या गोष्टी बायबलात हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. जुन्या करारात तीन : सारफथच्या विधवेचा मुलगा (१ राजे १७), शूनेमच्या बाईचा मुलगा (२ राजे ४) आणि अलीशा संदेष्ट्याच्या हाडांना प्रेत लागलं ती दोन वचनांची विचित्र गोष्ट (२ राजे १३:२०-२१). शुभवर्तमानांत नाईनच्या विधवेचा मुलगा, याईराची मुलगी, लाजर. मत्तय २७ मध्ये कबरी उघडल्याचा एक ओझरता उल्लेख. आणि येशूचं स्वतःचं पुनरुत्थान. प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा आणि युतुख. एवढंच. हजारो वर्षांच्या कथनात इतकेच उठले, बाकीचे सगळे मेले ते मेले, हे पुस्तक लपवत नाही. शोकाच्या घरी हे माहीत असणं गरजेचं आहे. नाहीतर ‘विश्वास ठेवला असता तर’ असलं काहीतरी कुणीतरी बोलून जातं.

पहिल्या दिवशी आम्ही लाजराची गोष्ट सुचवतो, पण अर्धीच. योहान ११:१७ ते ३६, आणि तिथे पुस्तक मिटायचं. लाजर कबरेतून बाहेर येतो ते ४४ वचन घरात दफन व्हायचं असताना वाचलं तर ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. उलट १७ ते ३६ मध्ये सगळं आपल्या ओळखीचं आहे. चार दिवस झालेत. गावातले लोक सांत्वनाला येऊन बसलेत. दोघी बहिणींतली एक तडक उठून वाटेपर्यंत जाते, दुसरी घरात बसून राहते. आणि दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन तेच एक वाक्य म्हणतात : तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ही तक्रार आहे. येशू तिला गप्प करत नाही. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे २५ वं वचन याच तक्रारीचं उत्तर म्हणून येतं. ते एकटं कापून फ्लेक्सवर लावलं की निम्मं होतं.

उरलेला भाग पुढे कधीतरी, महिन्याने वाचा, आणि तेव्हा ३९ वं वचन गाळू नका. लाजराची बहीण मार्था म्हणते, आता त्याला दुर्गंधी येत असेल. बऱ्याच ठिकाणी हे वचन ओलांडून जातात, बायकामुलांसमोर कसं वाचायचं म्हणून. पण ते गेलं की मरण खोटं वाटायला लागतं आणि उठणंही. संपूर्ण १ ते ४४ मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं लागतात. दोघांनी वाटून घेतलं तर बरं, कारण ३३ च्या आसपास एकाचा आवाज हमखास भरून येतो.

मूल गेलं असेल तर याईराची मुलगी पहिल्या महिन्यात नको. ती बारा वर्षांची पोर उठते, आपली उठलेली नसते. त्याऐवजी २ शमुवेल १२:१६ ते २३. दावीदाचं बाळ आजारी आहे, तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून आहे, मूल मरतं. नोकर त्याला सांगायलाही घाबरतात. कळल्यावर तो उठतो, आंघोळ करतो, कपडे बदलतो, मंदिरात जातो, जेवायला मागतो. नोकरांना नवल वाटतं. दावीद म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. संपूर्ण उताऱ्यात चमत्कार नाही. एक खबरदारी मात्र घ्या : १५ व्या वचनाच्या आधीचा भाग, म्हणजे बापाच्या पापामुळे मूल मरणार हा नाथान संदेष्ट्याचा निरोप, त्या घरी वाचू नये. आणि १५ वं वचनही ‘परमेश्वराने मुलाला आजारी पाडले’ अशा अर्थाचं आहे. तेव्हा सरळ १६ पासून घ्यावं. कुणी आक्षेप घेतला तर घेऊ द्या. तो प्रश्न मंडळीतल्या अभ्यासवर्गाचा आहे.

आता २ राजे ४. या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं आणि आमच्या मते सोलापूरकरांना ती सगळ्यात जवळची आहे. सुगीचे दिवस. पोरगा बापाकडे शेतात, कापणी करणाऱ्यांत गेलेला. अचानक ‘माझं डोकं, माझं डोकं’ म्हणायला लागतो. बाप गड्याला सांगतो, आईकडे ने. दुपारपर्यंत तो आईच्या मांडीवर असतो आणि मरतो. बायबलचे भाष्यकार याला उष्माघात म्हणतात. मे महिन्यात रानात काम करणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. आई मुलाला संदेष्ट्याच्या खाटेवर निजवून दार लावते, गाढवावर खोगीर घालून कर्मेल डोंगराकडे निघते. नवरा विचारतो, आज कशाला? ती म्हणते, ठीक आहे. वाटेत अलीशाचा चाकर गेहजी विचारतो, तुझं, नवऱ्याचं, मुलाचं बरं आहे ना? ती म्हणते, बरं आहे. सगळ्यांना ‘बरं आहे’ सांगत जाणारी ही बाई अलीशाचे पाय धरते तेव्हाच मोकळी होते. गेहजी तिला ढकलायला जातो आणि अलीशा म्हणतो, असू दे, तिचा जीव कष्टी आहे, आणि परमेश्वराने हे माझ्यापासून लपवून ठेवलं आहे. संदेष्टाच म्हणतो, मला कळवलेलं नाही! मयतीच्या घरी येऊन ‘देवाची इच्छा’ हे सगळ्यात आधी सांगणाऱ्याने हे २७ वं वचन वहीत लिहून घ्यावं. पुढे गेहजी पळत जाऊन गुरूची काठी पोराच्या तोंडावर ठेवतो. काही होत नाही. काठी पाठवून भागत नाही, स्वतः यावं लागतं. अलीशा येतो, दार लावतो, प्रार्थना करतो, पोरावर पडतो, उठून घरात येरझाऱ्या घालतो, पुन्हा पडतो. पोरगा सात वेळा शिंकतो आणि डोळे उघडतो. ८ ते ३७ अशी तीस वचनं आहेत. एका दमात वाचा, तोडू नका.

टबीथा (प्रे. कृत्ये ९:३६-४२) मुद्दाम सोलापूरसाठी राखून ठेवावी अशी. यापो गावची बाई, ग्रीक नाव दुर्कस, अर्थ हरिणी. ती गेल्यावर माडीवर प्रेत ठेवलंय, पेत्राला बोलावून आणलंय, आणि गावातल्या विधवा रडत त्याला काय दाखवतात तर तिने शिवून दिलेले अंगरखे आणि कपडे. प्रवचनं नाहीत, पैसे नाहीत, कपडे. घरोघरी शिलाई मशिनवर गणवेश शिवणाऱ्या या शहरात हे वचन वाचलं की बायका मान वर करून बघतात. शिवणकाम किंवा विडीकाम करणारी बाई गेली असेल तर हाच उतारा घ्या, आणि वाचून झाल्यावर तिच्या हातची एखादी वस्तू समोर ठेवू द्या.

युतुखाची गोष्ट (प्रे. कृत्ये २०:७-१२) सांत्वनासाठी नाही, वक्त्यांसाठी आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खोलीत पुष्कळ दिवे, खिडकीत बसलेला तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उन्हाळ्यात पत्र्याच्या मंडपात तीन पाळक आणि दोन पाहुणे प्रत्येकी वीस मिनिटं बोलणार असतील, तर आयोजकाने ही सहा वचनं त्यांना आधी पाठवावीत.

कोरड्या हाडांचं खोरं, यहेज्केल ३७, अंत्यविधीला बऱ्याचदा वाचतात. उतारा जबरदस्त आहे, पण ११ व्या वचनातच सांगितलंय की ही हाडं म्हणजे इस्राएलाचं सगळं घराणं. म्हणजे एका माणसाचं मरण नव्हे, उखडलेल्या लोकांचं. गिरण्यांचे भोंगे थांबलेल्या शहरात तो वस्तीच्या सभेत जास्त शोभतो.

आशेबद्दल सांगायचं तर आमची पसंती लूक २४:१३-३५. दोघे जण यरुशलेमहून अम्माऊसला निघालेत, सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे चालत अडीच-तीन तास. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला २१ व्या वचनात ते सांगतात की आम्हाला आशा होती. ‘होती’. वाचताना या शब्दावर किंचित थांबा. शोक करणाऱ्याची आशा भूतकाळात गेलेली असते आणि हे पुस्तक तिला तिथेच गाठतं. तो अनोळखी माणूस त्यांना लगेच ओळख देत नाही. आधी सगळं बोलू देतो, चालतो, त्यांच्याबरोबर जेवायला बसतो, आणि भाकर मोडताना ते ओळखतात.

१ करिंथकर १५ हा अध्याय गोष्ट नाही, वाद आहे, ५८ वचनांचा, म्हणून पूर्ण वाचू नका. ३५ ते ४४ बी पेरण्याचा भाग आणि ५१ ते ५८ एवढं पुरे. पौल गव्हाचं उदाहरण देतो. मंगळवेढ्याकडच्या माणसासमोर वाचणारा मालदांडी ज्वारीचं नाव घेईल तर बिघडत नाही, पण ते वचन वाचून झाल्यावर, मध्ये नाही. ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ या ५५ व्या वचनातला ‘नांगी’ शब्द सोप्या भाषांतरातही तसाच असेल तर बरं. विंचू माहीत असलेल्याला ‘डंख’ त्यामानाने सौम्य वाटतो.

एक वचन मात्र हत्यारासारखं वापरलं जातं : १ थेस्सलनीकाकर ४:१३. ‘रडू नका’ असं त्यात कुठेही नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, एवढंच आहे. खेद करू नये असं नाही. बायकांना गप्प करण्यासाठी हे वचन अर्धं म्हणणाऱ्याला पूर्ण वाचून दाखवा. स्तेफनाला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला, हे प्रे. कृत्ये ८:२ मध्ये आहेच.

मोबाईलवर

यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे आणि त्यात मराठीची एकाहून जास्त भाषांतरं मिळतात. दोन भाषांतरं ताडून बघायला याहून सोपी सोय नाही. वर सांगितलेली योहान ११:३३ ची परीक्षा तिथेच करून मग छापील प्रत घ्यायला जावं. ऐकण्यासाठी बायबल.इज हे दुसरं ॲप. दिसत नसलेल्या किंवा अक्षरओळख नसलेल्या माणसाला त्याचा खरा उपयोग. ध्वनिफितीत पार्श्वसंगीत असेल तर ते आजारी माणसाला त्रासाचं होतं. वेग कमी करायची सोय असेल तर थोडा कमी करा, पण फार नको, आवाज ओढल्यासारखा होतो.

सभेत मोबाईलवरून वाचणार असाल तर उतारा घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा, अक्षर मोठं करा, पडदा आपोआप काळा होण्याची वेळ वाढवा आणि फ्लाइट मोड लावा. मयतीच्या घरी फोन सतत वाजत असतो, आणि ‘येशू रडला’ म्हणताना पडद्यावर कुणाचं तरी नाव झळकलं की वाचणाऱ्याची ओळ हरवते. छापील प्रतीला हा धोका नाही. पंख्याखाली पानं उडतात एवढंच, त्यासाठी डाव्या हाताचा अंगठा.

चित्रांच्या लहान मुलांच्या प्रतींबद्दल थोडक्यात. आजोबा गेलेल्या नातवाला द्यायला लोक त्या घेतात. घेण्याआधी याईराच्या मुलीचं पान बघा. मार्क ५:४३ मध्ये गोष्ट संपते ती येशू म्हणतो ‘तिला खायला द्या’ इथे. ते वाक्य गाळलं असेल तर प्रत परत ठेवा. मुलांना तेवढंच नीट आठवतं.

काही छापील प्रतींत पुढे किंवा दोन करारांच्या मध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवायची पानं असतात. घेताना ती आहेत का बघा. जेल पेन वापरू नका, शाई पातळ कागदातून पलीकडच्या मजकुरावर उतरते. साधं बॉलपेन घ्यावं, खाली पुठ्ठा ठेवून, हलक्या हाताने. नाव पूर्ण लिहा, हाकेचं नावही. तारखेपुढे जागा सोडा, कारण दफन कुठे झालं ते घरातल्या मोठ्यांना नंतर आठवतं.